लाल रेषा, निळी रेषा आणि घराचा विमा

नदीकाठच्या गावात घर असेल, तर पूररेषा पाहून घराचा विमा काढण्याचं काम एप्रिल-मेमध्येच उरकून घ्यावं. पाऊस सुरू झाला की जलसंपदा विभागातला प्रत्येक माणूस धरणांच्या विसर्गाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि पाणी दारात आल्यावर काढलेला विमा त्या पाण्यासाठी उपयोगाचा नसतो. सांगलीतल्या एकाच पिढीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर पाहिले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली. तरीही घराचा विमा काढणारी माणसं थोडीच. त्याच दारात उभ्या असलेल्या दुचाकीचा विमा मात्र असतो.

सुरुवात घर नेमकं कुठे आहे, इथून करायची. सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचा गट क्रमांक अथवा सिटी सर्व्हे क्रमांक घेऊन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा आणि झोन दाखला व भाग नकाशा मागा. त्यावर पूररेषा दिसत नसेल तर जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयात लेखी अर्ज करा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात नकाशाची प्रत मागता येते. बिल्डर किंवा दलाल तोंडी ‘पूररेषेच्या बाहेर आहे’ म्हणाला तर त्यावर विसंबू नका, कागद मागा.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मोकळं मैदान, वाहनतळ असेच वापर चालतात. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तिथे बांधकाम करता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंचीवर.

‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घरं बुडवली आहेत. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची ९९ वर्षं सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का असते, आणि गेल्या वर्षी आला म्हणून ती कमी होत नाही. वीस वर्षांचं गृहकर्ज डोळ्यांसमोर ठेवून हिशेब करा: लाल रेषेपर्यंतचा पूर त्या काळात निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, आणि निळ्या रेषेपर्यंतचा येण्याची सुमारे ५६ टक्के. म्हणजे निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या घरात कर्ज फिटण्याआधी पाणी शिरण्याची शक्यता न शिरण्यापेक्षा जास्त आहे.

आता उंची. पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये दिलेली असते. खासगी सर्व्हेअर बोलावून आपल्या जोत्याची पातळी मोजून घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या बैठकीच्या खोलीत येऊ शकणारं पाणी. तेवढ्या उंचीवर भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा आणि खाली काय काय येतं ते बघा: फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, दिवाण, कपाटाचे खालचे कप्पे, विजेची बटणं. विमा किती रकमेचा हवा, हे या खुणेवरून ठरतं. शेजारच्या जुन्या माणसांना २००५ ला, २०१९ ला पाणी कुठवर होतं तेही विचारा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका पातळी आहे. तिथे किती फूट झालं की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, हा आकडा घरात प्रत्येकाला पाठ हवा.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. घर दोन्ही रेषांच्या बाहेर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळ्याच नद्यांच्या रेषा आखून झालेल्या नाहीत, आणि ओढे-नाले तर बऱ्याचदा हिशेबातच नसतात. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हाहाकार माजवला तो आंबिल ओढ्यानं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा नदीपासून लांबच्या तळमजल्यांतही पाणी होतं.

मग विमा. आपल्याकडे पुराचा वेगळा विमा शोधत बसावं लागत नाही. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली आहे. तिच्यात आग, भूकंप, वादळ, दरड कोसळणं यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचून होणारं नुकसानही मूळ संरक्षणातच येतं. गृहकर्जाबरोबर बँकेनं एखादी पॉलिसी दिली असेल तर ती आधी उघडून वाचा. ती कर्जदाराच्या जिवाची आहे की घराची? घराची असेल तर सामान धरलं आहे का?

इमारतीची विमा रक्कम बाजारभावानं काढायची नाही. जमीन वाहून जात नाही, त्यामुळे तिची किंमत यात नसते. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च, इतकाच हिशेब. समजा घर ७० चौरस मीटर आहे आणि खर्च चौरस मीटरला २२,००० रुपये. तर रक्कम १५ लाख ४० हजार होते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. या उदाहरणात ३ लाख ८ हजार. पेन्सिलीच्या खुणेखालचं सामान त्याहून महाग असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी जादा संरक्षण मागावं लागतं. रोख रक्कम आणि वाहनं यात येत नाहीत. भाडेकरूला फक्त सामानाचाही विमा काढता येतो. चिपळूणच्या बाजारपेठेसारखं खाली दुकान, वर घर असेल, तर दुकानातल्या मालासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागेल.

पॉलिसी हातात आली की प्रत्येक खोलीचे फोटो काढा, बिलं आणि उपकरणांचे क्रमांक टिपा, आणि हे सगळं दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा.

पूर ओसरल्यावर मेन स्विच बंद असल्याची खात्री करूनच आत जा. चिखल काढण्याआधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि शेजारी धरलेली मोजपट्टी यांचा फोटो घ्या. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. भिजलेला फ्रिज चालू करून पाहू नका. तो जळला तर नुकसान पुराचं की शॉर्टसर्किटचं, हा वाद सुरू होतो. कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत सामान फेकू नका. कुजलेलं टाकावंच लागलं तर फोटो काढून, यादी करून टाका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्या. सरकारी मदत हा वेगळा हक्क आहे, तोही सोडू नका; पण तिच्यावर घर उभं राहत नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये होते.

दावा नाकारला किंवा रक्कम कमी दिली तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत. तक्रार वर्षभराच्या आत द्यावी लागते, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.