सिस्टर झालीस, आता शिकायला लाग

पोरी, ड्युटी लागली, युनिफॉर्म शिवून आला, आणि तू पुस्तकं माळ्यावर टाकायला निघालीस असं तुझी आई सांगत होती. टाक, पण सगळी नको.

१. रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी येतं. त्याच्या सहा महिने आधीची तारीख आजच मोबाईलमध्ये घाल — शेवटच्या आठवड्यात तुला हमखास नाईट लागलेली असते.

२. भारतीय नर्सिंग परिषदेचा हिशेब ५ वर्षांत १५० तासांच्या सीएनईचा (नोकरीत राहून पुढे शिकत राहण्याचा), म्हणजे महिन्याला जेमतेम अडीच तास. आपल्या राज्याची कौन्सिल गुण कसे धरते तेही बघून ठेव — चौथ्या वर्षी जागी झालेली बाई विषय बघत नाही, नुसते तास वेचत हिंडते.

३. सेमिनारचे पैसे भरण्याआधी विचार, कौन्सिलची मान्यता आहे का आणि क्रेडिट किती — जेवण आणि पिशवी काय, सगळेच देतात.

४. सर्टिफिकेट हातात पडलं की उभ्या उभ्या नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर वाच, फोटो काढ. कौन्सिलकडे माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सर्टिफिकेटवर तिसरंच, असं होऊ देऊ नकोस — आयोजकांचं टेबल उचललं की दुरुस्तीला कोणी सापडत नाही. माणूस एक, स्पेलिंग एक.

५. विषय निवडताना आपल्या वॉर्डात रोज काय अडतं ते आधी बघ. मेडिसिनला असशील तर इन्सुलिनच घे. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी, हे तुला पाठ आहे. पण ट्रॉलीत लाल संपल्या आणि कोणी नारिंगी पुढे केली तर? ४० च्या रेघेपर्यंत भरलंस तरी आत १६ युनिटच गेले. उलट झालं तर अडीचपट, आणि पेशंट घामाने थबथबलेला. म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी शेजारी धरून, दोन्हींवरचे आकडे मोठ्याने वाचायचे — डोळा सवयीने वाचतो, तोंडाला तसं करता येत नाही.

६. बीएलएसचं कार्ड २ वर्षं चालतं, पण हात त्याच्या कितीतरी आधी विसरतात. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. ट्रेनिंग रूममधल्या पुतळ्यावर अधूनमधून करून बघ — कार्ड फायलीत असतं, पेशंट समोर.

७. आपल्याकडून इंग्लंडला गेलेल्या मुलींना विचार. तिथे दर ३ वर्षांनी ३५ तास दाखवावे लागतात, त्यातले २० इतरांबरोबर शिकलेले, शिवाय कामातून काय कळलं त्याची ५ टिपणं. तुला कोणी मागत नाही, तरी महिन्याला एक टिपण लिही, पेशंटचं नाव न घालता — लिहायला बसलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते कळतं. मला तर तासांपेक्षा ही टिपणांचीच अट जास्त शहाणपणाची वाटते.

८. पोस्ट बेसिक डिप्लोमा करायचा असेल (क्रिटिकल केअर घे, तुझा स्वभाव तिथला आहे) तर फी भरण्याआधी संस्थेची मान्यता त्या वर्षाची आहे ना ते तपास — जाहिरात जुन्या पत्रावर चालते, तुझं रजिस्ट्रेशन नाही.

९. नाईट उतरून थेट ट्रेनिंगला जाऊ नकोस; ड्युटी चार्ट लागायच्या आधीच इंचार्जशी बोलून ऑफ मागून घे — पेंगत घेतलेली विद्या चहाबरोबर उतरते.

१०. शिकून आलीस की पुढच्या हँडओव्हरला त्यातली एकच गोष्ट पाच मिनिटांत सांग, मावशी आणि वॉर्डबॉयही उभे असताना. आणि स्टुडंट मुली उलटसुलट प्रश्न विचारतील तेव्हा डाफरू नकोस. उत्तर येत नसेल तर वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेव — पुढच्या सेमिनारचा विषय तुला तिथेच मिळेल.