नाव पुकारू नका

चि. सोनूस,


तुझ्या आईचा फोन आल्यापासून या आत्याला चैन नाही. शाळेत तुम्ही जुने कपडे गोळा करताय, हे ऐकून आत्या हरखली होती. पुढे कळलं, की वाटपाच्या दिवशी मुलांची नावं पुकारून त्यांना स्टेजवर बोलावणार, फोटो काढणार. आणि ती मुलं तुमच्याच शाळेतली. हे खरं असेल तर थांबव. यादी तुझ्याच हातात आहे म्हणे.

कपडा वाया जाऊ नये, हे बरोबरच. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर पाणी लागतं. पण गोळा करणं सोपं, नीट देणं अवघड असतं गं. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत इतके कपडे येऊन पडले, की नकोशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला लागले. ‘गूंज’ या संस्थेने ते उचलून निवडले. ती १९९९मध्ये काढणाऱ्या अंशू गुप्तांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘गूंज’च्या कामात गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि मोबदल्यात कपडे घेतात. तिथे कुणाची मान खाली जात नाही. तुमच्या स्टेजवरच्या पोराची मान कुठे असेल?

आजीकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची, आठवतं? साडी उजेडात धरून, काठ ताणून बघायची. विरलेली असली की बाजूला सारायची आणि पातेल्यासाठी आणखी एक पँट मागायची. दोघींची तासभर घासाघीस चाले. उपकार कुणावरच नव्हते.

आत्याचा एक हिरवा फ्रॉक होता. त्याचं एक बटण तुटलं म्हणून आजीने आजोबांच्या कोटाचं काळं बटण लावलं होतं. आखूड झाल्यावर तो वर्गातल्या एका मुलीला दिला. गॅदरिंगला ती तो घालून आली, तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, “हा माझा फ्रॉक. ते बघा काळं बटण!” ती मुलगी दिवसभर त्या बटणावर हात धरून बसली. पुन्हा तो फ्रॉक दिसला नाही. माफी मागायची राहूनच गेली.

म्हणून म्हणते, कपडे धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे टेबलावर मांडा. सगळ्यांनीच आणावेत, सगळ्यांनीच निवडावेत. तूही एखादा घे. फाटक्या सुती कपड्यांच्या गोधड्या होतील. जुन्या लोकरीच्या कपड्यांचं पानिपतच्या कारखान्यांत पुन्हा सूत निघतं, त्याची ब्लँकेटं होतात.

रागावले नाही हं. घड्या घालून घालून तुझी पाठ भरून येते, हेही आईने सांगितलंय. रात्री तेल लावून घे. आत्या शुक्रवारच्या एसटीने येतेय, सुईदोरा आणि बटणांची बरणी घेऊन. दोघी मिळून बसू. तोवर ती यादी कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझी,
आत्या