नकाशावरची कोरी जागा

सातारा जिल्ह्यातील खंडाळा हे तालुक्याचे गाव. लोणावळ्याजवळचे थंड हवेचे खंडाळे ते निराळे. हे खंडाळे पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. घाटमाथ्यावरून उत्तरेस पाहिले, की खंडाळा, त्यापलीकडे शिरवळ आणि त्याच्या पलीकडे नीरा नदी असा मुलूख पसरलेला दिसतो. दक्षिणेस वळावे, तो वाईचा प्रांत आणि कृष्णेचे खोरे. या डोंगराच्या उत्तर उतारावर पडलेला पावसाचा थेंब नीरेला मिळतो व नीरेतून भीमेत जातो. दक्षिण उतारावरचा थेंब कृष्णेची वाट धरतो. एकाच ढगातून उतरलेली ही दोन भावंडे दूर रायचूरकडे, भीमा कृष्णेला मिळते तेथे, पुन्हा एकमेकांस भेटतात.

ही हकीकत आज तुम्ही नकाशावर बोट ठेवून सांगू शकता. परंतु हा नकाशा आला कोठून? १८१९ साली इंग्रज आणि छत्रपती प्रतापसिंह यांच्यात तह झाला, तेव्हा साताऱ्याच्या राज्याची उत्तर सीमा नीरा व भीमा या नद्यांनी आणि दक्षिण सीमा वारणा व कृष्णा या नद्यांनी ठरविण्यात आली. नद्या सर्वांच्या ओळखीच्या होत्या. पण त्या काळच्या नकाशांत देशाचे पुष्कळ भाग केवळ अंदाजाने काढलेले असत आणि कित्येक ठिकाणी कागद कोराच असे. ती कोरी जागा भरून काढण्यासाठी माणसांनी जे साहस केले, ते एखाद्या अद्भुत कथेहून उणे नाही.

चला तर, मुलांनो, कल्पनेच्या घोड्यावर मांड ठोकू आणि दोनशे वर्षे मागे जाऊ!

आपला घोडा प्रथम थांबतो तो मद्रासजवळच्या मैदानात. साल आहे १८०२. विल्यम लॅम्टन नावाचा एक अधिकारी पोलादी साखळीने जमीन मोजवून घेत आहे. साखळी शंभर फूट लांबीची. मोजायचे अंतर सुमारे साडेसात मैल. उन्हाने साखळी केसभर वाढली, तरी तो तिचा हिशेब ठेवतो. एवढी काळजी कशासाठी? भूमितीचा एक नियम तुम्हांला ठाऊक आहे : त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या दोन्ही बाजू गणिताने काढता येतात. पहिली बाजू साखळीने मोजावयाची. पुढे डोंगरांच्या माथ्यांवरून केवळ कोन मोजीत, त्रिकोणाला त्रिकोण जोडीत, सारा देश मापावयाचा, असा हा बेत होता. मात्र पहिल्याच बाजूत चूक राहिली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणात शिरणार!

कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर ते चढवीत असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. दुसरा कोणी असता, तर कपाळाला हात लावून बसला असता. लॅम्टनने सुमारे सहा आठवडे खपून ते यंत्र पुन्हा नीट केले व काम पुढे चालविले. कन्याकुमारीकडून उत्तरेस सरकत जाणारी ही त्रिकोणांची माळ विदर्भापर्यंत आली. तेथे, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टनने देह ठेवला. त्याची कबर आजही त्या गावी आहे.

त्याच्यामागून जॉर्ज एव्हरेस्टने काम हाती घेतले. आता आपण घोड्यावरून उतरू आणि क्षणभर त्याच्या छावणीतील मशालजी होऊ. रात्रीची वेळ. सातपुड्याचा एक उघडा माथा. आपल्याबरोबर दक्षिणेपासून पायी आलेला एक म्हातारा झेंडेवाला आहे. दगडावर कोरलेल्या खुणेच्या बरोबर वर दिवा ठेवून तो पहाटेपर्यंत जागता ठेवावयाचा, एवढेच आपले काम. कित्येक मैल दूर, दुसऱ्या डोंगरावर, साहेब दुर्बिणीला डोळा लावून बसला आहे. वारा झोंबतो, ज्योत विझू विझू होते.

"बाबा, दिवा त्या खडकाच्या आडोशाला ठेवू या का?" आपण विचारतो. "चार हातांचाच काय तो फरक. एवढ्या लांबून कोणाला कळणार?"

म्हातारा आपली घोंगडी काढतो आणि वाऱ्याच्या बाजूने ती धरून उभा राहतो.

"साहेबाला कळणार नाही, पोरा," तो म्हणतो. "म्हणून तर आपल्याला कळले पाहिजे. दिवा चार हात सरकला, तर कागदावर हा डोंगर चार हात सरकेल. पुढे त्या कागदावर जो विसंबेल, तो फसेल. धर घोंगडीचे दुसरे टोक."

हा म्हातारा आपल्या कल्पनेतला. पण त्याच्यासारखी माणसे खरोखरच होती. साखळी धरणारे, झेंडे रोवणारे, यंत्र खांद्यावरून वाहून नेणारे आणि दिवे राखणारे असे कितीतरी लोक या कामावर झिजले. रानातल्या तापाने पुष्कळांचा बळी घेतला. त्यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. इंग्रजांनी हे नकाशे राज्य चालविण्यासाठी करविले हे खरे. पण ज्यांच्या घामाने ते झाले, ती माणसे या भूमीचीच होती.

१८४१ पर्यंत ही माळ हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. पुढे त्या पर्वताच्या शिखरांची मोजणी सुरू झाली. १८५२ च्या सुमारास राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाने आकडेमोड करून दाखविले, की 'क्रमांक १५' हे शिखर जगात सर्वांत उंच आहे. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट अशी जाहीर झाली. २०२० साली नव्या साधनांनी ती ८,८४८.८६ मीटर ठरली. जुन्या व नव्या मापांत अंतर अवघे नऊ मीटरांचे!

जेथे यंत्र नेता येत नव्हते, तेथे माणसाचे पाऊलच यंत्र झाले. तिबेटात परक्यांना मज्जाव होता. कुमाऊँमधील मिलम गावचा नैनसिंग रावत यात्रेकरू होऊन निघाला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचला. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली, की एक मणी ओढावयाचा; माळेची एक फेरी म्हणजे दहा हजार पावले. टिपणे दडविली होती प्रार्थनाचक्रात. पकडला जाता, तर प्राणांवर बेतले असते. पण वाटेत मोजणी चुकू नये, याचीही त्याला तेवढीच चिंता असे. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक देऊन गौरविले.

बालमित्रांनो, आज आकाशातील उपग्रह पृथ्वीचे चित्र घेतात. तरीही प्रत्येकाच्या ओळखीच्या मुलखात एखादी कोरी जागा असतेच : कोणी न लिहिलेला ओढा, विसरलेली पाऊलवाट, पडीक विहीर. ती शोधण्यास घोडा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. डोळस दृष्टी, मोजके पाऊल आणि कोणी पाहत नसतानाही खरे तेच लिहिण्याची सवय, एवढी शिदोरी पुरते.

स्वाध्याय

१. लॅम्टनने पहिली बाजू मोजताना एवढी काळजी का घेतली?

२. 'म्हणून तर आपल्याला कळले पाहिजे' या उद्गारांतून झेंडेवाल्याचा कोणता गुण दिसतो?

३. मांड ठोकणे, कपाळाला हात लावणे, प्राणांवर बेतणे : या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : घरापासून शाळेपर्यंतची वाट पावलांनी मोजा. वाटेतील झाडे, ओढे व देवळे दाखवून तिचा नकाशा काढा. दुसऱ्या दिवशी वाट पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा.