उत्तर समुद्रांतील तुफान व धोक्याचा बावटा

आपल्या कोंकणपट्टींतील कोळ्यांच्या मुलांस बंदरावरील बावट्याचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाहीं. "तीन नंबरचा बावटा लागला" हे शब्द कानीं पडतांच होड्या बंदरांत परततात, आणि घरोघर समुद्राकडे लागलेले डोळे कांहींसे निवांत होतात. अशा सूचनेची पद्धति इंग्लंडांत कोणत्या दुःखांतून सुरू झाली, आणि सूचना वेळेवर न पोहोंचल्यास काय घडतें, हें आज आपण पाहूं. त्यासाठीं मनानें युरोपच्या उत्तर समुद्राकडे गेलें पाहिजे. कारण तेथील भयंकर तुफानें आपल्याप्रमाणें पावसाळ्याच्या आगेंमागें न येतां बहुधा शरद ऋतु व हिंवाळा यांत येतात.

आपल्याकडील चक्रीवादळ उष्ण समुद्राच्या वाफेवर पोसतें. हिंवाळी तुफानाची गोष्ट निराळी. ध्रुवाकडील अतिशीत हवा आणि दक्षिणेकडील उबदार हवा यांची अटलांटिक महासागरावर गांठ पडते. हिंवाळ्यांत या दोहोंच्या उष्णमानांतील अंतर फार असतें. जड थंड हवा खालीं शिरते, हलकी उष्ण हवा वर चढते, आणि तेथील वायुभार झपाट्यानें उतरतो. मग भोंवतालची हवा त्या कमी भाराच्या स्थळाकडे धांवते, व पृथ्वीच्या फिरण्यामुळें तिला भोंवऱ्यासारखी गति मिळते. असें तुफान शेंकडों मैल रुंद असून बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे चालून येतें. वायुभारमापकांतील पारा उतरूं लागला कीं खलाशी सावध होतात, ते याचसाठीं.

सन १८५९ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस 'रॉयल चार्टर' नांवाचें जहाज ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडास परत येत होतें. पुष्कळ उतारूंनीं सोन्याच्या खाणींत मिळविलेली पुंजी बरोबर घेतली होती. प्रवास संपत आला असतां, वेल्समधील अँग्लसी बेटाच्या खडकांवर तुफानानें तें जहाज आपटलें, आणि चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. हवामानखात्याचे त्या वेळचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या मनास ही गोष्ट फार लागली. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून जगप्रवासास गेला, त्याचे कप्तान हेच. त्यांनीं विचार केला कीं, तुफान वेगानें येतें खरें, पण तारायंत्र त्याहून वेगवान आहे. मग पुढील बंदरांस आधीं कां कळवूं नये? सन १८६१ च्या फेब्रुवारींत त्यांनीं सूचना देण्यास आरंभ केला. तार पोहोंचतांच बंदरावरील खांबावर शंकूच्या किंवा पिंपाच्या आकाराची खूण चढविली जाई. त्यांचे अंदाज कधीं कधीं चुकत, व लोक त्यांची थट्टाहि करीत. सन १८६५ मध्यें त्यांचा अंत झाला, आणि पुढील वर्षीं या सूचना बंद करण्यांत आल्या. परंतु खलाशी व कोळी यांनीं त्यांची मागणी लावून धरली, आणि १८६७ मध्यें त्या पुन्हां सुरू झाल्या.

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं. ३१ जानेवारी १९५३, शनिवार. अटलांटिकवरून आलेलें एक प्रचंड तुफान स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्रांत शिरलें. त्याच दिवशीं आयर्लंडकडे निघालेलें 'प्रिन्सेस व्हिक्टोरिया' हें जहाज सव्वाशेंहून अधिक माणसांसह बुडालें. उत्तर समुद्र वरच्या बाजूस रुंद व खोल, तर दक्षिणेस अरुंद व उथळ आहे. उत्तरेच्या वाऱ्यानें त्यांत पाणी लोटलें, म्हणजे नरसाळ्यांत ओतलेल्या पाण्याप्रमाणें तें दक्षिण टोंकास चढतें. वायुभार उतरल्यानेंहि समुद्राची पातळी वाढते. शिवाय पौर्णिमा नुकतीच होऊन गेल्यामुळें त्या रात्रीं उधाणाची भरती होती. तीन कारणें एकत्र आलीं, आणि कांहीं ठिकाणीं पाणी नेहमींच्या भरतीपेक्षां आठ ते दहा फूट वर आलें.

नेदरलंड्सचा बराच प्रदेश समुद्रसपाटीच्या खालीं असून, आपल्याकडील खारबंदिस्तीप्रमाणें तो बांधांनीं राखलेला आहे. तेथील हवामानखात्यानें धोक्याची सूचना दिली होती; परंतु त्या काळीं नभोवाणी मध्यरात्रीं बंद होत असे, व शनिवार असल्यामुळें पुष्कळ कचेऱ्या मिटलेल्या होत्या. लोक झोंपेंत असतांना बांध फुटले, आणि १,८३६ माणसें मरण पावलीं. इंग्लंडांतील ३०७ मृत्यूंची हकीकत अधिक विचार करण्यासारखी आहे. लिंकनशायरच्या किनाऱ्यावर पाणी संध्याकाळीं सातच्या सुमारास शिरलें. दक्षिणेस कॅन्व्ही बेटावर तें मध्यरात्रीनंतर पोहोंचलें. मध्यें कित्येक तास होते, टेलिफोनहि होते. परंतु पुढील गांवांस सावध करण्याची जबाबदारी कोणावर सोंपविलेली नव्हती. त्या एका बेटावर पन्नासांहून अधिक माणसें मेलीं.

त्या रात्रीं धैर्याचीं कृत्येंहि घडलीं. नेदरलंड्समधील नियुवेरकेर्क गांवाजवळ बांधास खिंडार पडलें, तेव्हां एका नावाड्यानें आपली मालवाहू नौकाच त्या खिंडारांत आडवी घातली, व त्यामुळें मागील विस्तीर्ण प्रदेश बचावला.

या आपत्तीपासून दोन्ही देश शिकले. नेदरलंड्सनें समुद्राच्या मुखांवर मोठीं बांधकामें केलीं. त्यांपैकीं १९८६ मध्यें पुरा झालेला पूर्व शेल्टचा बंधारा सुमारें नऊ किलोमीटर लांब असून, त्यास तुफानाच्या वेळीं मिटतां येणारे ६२ प्रचंड दरवाजे आहेत. इंग्लंडनें उधाणाची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभारली, व लंडनच्या रक्षणार्थ थेम्स नदीवर दरवाजे बांधले. ५ डिसेंबर २०१३ रोजीं पुन्हां तसेंच तुफान आलें. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर कांहीं ठिकाणीं पाणी १९५३ पेक्षांहि वर चढलें. घरांत पाणी शिरलें, नुकसान झालें, परंतु हजारों लोकांस आधींच हलविल्यामुळें प्राणहानि अत्यंत अल्प झाली. समुद्र तोच होता. माणसें मात्र या वेळीं जागीं होतीं.

आपल्याकडेहि ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां आगाऊ सूचनेमुळें हजारों लोकांस सुरक्षित स्थळीं नेतां आलें.

असो. यांतून आमच्या विद्यार्थिमित्रांनीं काय घ्यावें? वारा थांबविणें कोणाच्याहि हातीं नाहीं. परंतु सूचना ऐकणें, एखादे वेळीं ती खोटी ठरली तरी पुढच्या वेळीं तिची थट्टा न करणें, आणि आपण ऐकलेली गोष्ट शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोहोंचविणें, हें लहान मुलासहि साधण्यासारखें आहे. कॅन्व्ही बेटावर त्या रात्रीं उणीव होती ती एवढ्याचीच.