हवेतील निष्क्रिय वायू : एका पाठाची दिशा

हवेत नायट्रोजन, ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड हे वायू आहेत, एवढे सांगून हवेचा पाठ बहुधा आटोपतो. परंतु त्याच हवेत आकारमानाने शेकडा ०.९३ भाग आर्गॉन आहे. म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून अधिक. तरीही १८९४ पर्यंत त्याची ओळख पटली नव्हती. ती कशी पटली, हे मुलांस अवश्य सांगावे.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी नायट्रोजन दोन रीतींनी मिळवून एकाच काचपात्रात तोलला. हवेतील इतर ज्ञात वायू काढून उरलेला नायट्रोजन सुमारे २.३१० ग्रॅम भरला. रासायनिक संयुगांपासून मिळवलेला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अवघा ११ मिलिग्रॅमांचा. तो तराजूच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. रॅले यांनी मात्र पुन्हा पुन्हा तोलून पाहिले. फरक हटेना. तेव्हा विल्यम रॅम्झी यांनी हवेतील नायट्रोजन तप्त मॅग्नेशियमवरून वारंवार नेऊन शोषून घेतला. मागे उरलेला वायू कशाशीही संयोग पावेना. ग्रीक भाषेतील ‘आळशी’ या अर्थाच्या शब्दावरून त्यास आर्गॉन हे नाव मिळाले. पुढे १८९८ मध्ये रॅम्झी व मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन हेही हवेतून वेगळे केले.

या वायूंच्या अलिप्ततेचे कारण अणूच्या रचनेत आहे. मूलद्रव्याचे रासायनिक गुणधर्म मुख्यतः बाह्यतम कक्षेतील इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असतात. सोडियमच्या त्या कक्षेत १ व क्लोरीनच्या ७ इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या देवघेवीतून मीठ बनते. आर्गॉनच्या बाह्य कक्षेत ८ व हेलियमच्या एकुलत्या कक्षेत २ इलेक्ट्रॉन असल्याने त्यांस देवघेवीची गरज उरत नाही. तथापि ‘निष्क्रिय वायू कधीच संयोग पावत नाहीत’ असे शिकवू नये. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले.

पाठास जोडून एकाच दगडाचे वजन चार गटांकडून करून घ्यावे. एखाद्या गटाचे उत्तर निराळे आले, तर ते पुसून शेजाऱ्यांचे उतरवू देऊ नये. त्याच गटाने पुन्हा तोलावे, मग दुसऱ्याने त्याच तराजूवर तोलावे. बहुतेक वेळा पारडे ओले असल्याची किंवा काटा स्थिर होण्यापूर्वी वाचल्याची चूक सापडेल. परंतु ती मुलांनी स्वतः शोधलेली असेल. फरक टिकलाच, तर दोन्ही वजने फळ्यावर ठेवून कारणाचा शोध वर्गावर सोपवावा.