फोटो काढण्याआधी तिथी पाहा



रोहित पक्षी तुम्ही चित्रात पाहिला असेल. उंच पाय, वाकडी चोच आणि गुलाबी पंख. त्यालाच फ्लेमिंगो म्हणतात. संक्रांतीच्या आधी मी जुईनगरला मामाकडे गेलो होतो, तेव्हा हा पक्षी प्रत्यक्ष पाहिला. त्याचा फोटो काढताना मी काय शिकलो, ते या लेखात सांगतो.

जुईनगर नवी मुंबईत, ठाण्याच्या खाडीजवळ आहे. या खाडीतलं शेवाळ आणि बारीक जीव खायला हिवाळ्यात हजारो रोहित येतात. खाण्यातल्या रंगद्रव्यामुळेच त्यांना गुलाबी रंग येतो. 2015 साली खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला. 2022 साली तो रामसर स्थळ झाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला.

आम्ही लोकलने दोन स्थानकं पुढे, सीवूड्सला उतरलो. डीपीएस तळ्यावर पोचलो तेव्हा सात वाजले होते. सूर्य उगवायचा होता. सगळीकडे पांढुरकं दिसत होतं. लांबवर थोडे पक्षी होते, पण नुसते ठिपके! जरा उजाडल्यावर मामाच्या कॅमेऱ्याने मी धडाधड दहा फोटो काढले. दहाही वाया गेले. मामा म्हणाला, "अरे, नुसतं बटण काय दाबतोस? का बिघडले ते शोध." तेव्हा तीन कारणं सापडली.

1. धुरकं : थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होते. वर उबदार हवेचं जणू झाकण बसतं, म्हणून धूर आणि धूळ खालीच साठते. पक्षी जितका लांब, तितकं मधे धुरकं जास्त. कितीही महाग भिंग आणलं तरी ते पुसलं जात नाही.

2. कमी उजेड : उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहतो. माझा 1/60 सेकंद उघडा होता. तेवढ्यात पक्ष्याने मान हलवली आणि फोटो पुसट आला. उडता पक्षी स्पष्ट यायला साधारण 1/1000 सेकंद लागतो. आयएसओ वाढवून ते जमतं, पण मग फोटोवर रवा पसरल्यासारखं दिसतं.

3. चुकीची बाजू : मी उगवतीकडे तोंड करून उभा होतो. पक्ष्यामागे पाणी चमकत होतं. त्या चमकीला कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा येतो.

पक्षी काही जवळ येईनात. निदान उडताना तरी फोटो मिळेल म्हणून मी खडा उचलला. मामाने माझा हात धरला. "ते जेवतायत. कुणाला ताटावरून उठवतात का? इतक्या लांबून उडून आलेत बिचारे." मी खडा टाकून दिला. मला फार लाज वाटली.

मग मामाने विचारलं, "आज तिथी कोणती?" पौष शुद्ध द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, असं खाडीकाठची माणसं सांगतात. 12 ची पाऊणपट 9. म्हणजे नवाच्या सुमारास भरती! ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलावर लांब पसरतात. भरतीने चिखल बुडाला की ते तळ्यासारख्या उथळ जागी येतात.

आम्ही बाजू बदलली, ऊन पाठीशी घेतलं आणि गुपचूप बसून राहिलो. ऊन चढलं तसं धुरकं विरळ झालं. नवानंतर खाडीकडून एक थवा आला आणि समोरच उतरला. मी चारच फोटो काढले. त्यातला एक या लेखाशेजारी लावला आहे. त्यातला रोहित डोकं उलटं करून खातो आहे.

घरी येताना मामा म्हणाला, "तळ्यात खाडीचं पाणी येत-जात राहिलं, तरच हे पाहुणे पुन्हा येतील. ती वाट बुजली, तर चांगला कॅमेरा असून उपयोग काय?"

करून पाहा : षष्ठीला भरती किती वाजता येईल? आपल्या गावच्या तळ्यावर सकाळी बगळ्याचा फोटो काढायचा, तर कोणत्या काठावर उभं राहाल?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी