जपानी शाळेतील आमचे शिक्षण

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी तुमच्यापैकी काही विद्यार्थ्यांनी आम्हांस विचारले होते की, ‘सर, जपानात तुम्हांला सर्वांत जास्त नवल कशाचे वाटले?’ विचारणाऱ्यांच्या मुद्रेवरून वेगवान आगगाड्यांचे वर्णन त्यांस अपेक्षित आहे, हे उघड दिसत होते. त्या आगगाड्या १९६४ सालापासून धावत आहेत व त्यांविषयी तुम्ही पुस्तकांत वाचलेच आहे. त्या वेळी काहीतरी सांगून आम्ही वेळ मारून नेली. खरे उत्तर देण्यास थोडी सवड हवी होती.

महाराष्ट्राने जपानी शाळांकडे पाहावे, ही गोष्ट नवी नव्हे. तोकियो येथे १९०१ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली आणि तीवरून त्यांस आपल्याकडील स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना सुचली. १९१६ साली पुण्यास ते विद्यापीठ सुरूही झाले. आमची योग्यता ती नव्हे. होन्शू बेटाच्या उत्तर भागातील एका भातपिकाच्या गावी, तेथील माध्यमिक शाळेत, इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून आम्ही दोन वर्षे होतो, इतकेच.

तेथील शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पहिल्या दिवशी शाळेच्या दारात सर्वांनी पादत्राणे काढली व आतील निराळे जोडे घातले. उंबऱ्याशी चपला काढणे हे शहापूरच्या माणसास कोणी शिकवावयास नको. युरोपीय पाहुण्यास ज्याचे नवल वाटते, त्याचे आपणांस वाटत नाही, म्हणून आम्हांस थोडा गर्वही झाला. तो तिसऱ्या तासापर्यंत टिकला. शौचकूपाच्या दाराशी आणखी एक, तिसऱ्या प्रकारचे जोड असतात व ते तेथेच सोडावयाचे असतात. आम्ही ते पायांत तसेच ठेवून वर्गात आलो. मुले हसली नाहीत. एका मुलाने मात्र आमचे जोडे आणून हळूच टेबलाजवळ ठेवले. हसली असती तर बरे झाले असते!

आपण ‘हो’ म्हणताना मान किंचित आडवी डोलावितो. तेथे होकाराला मान खाली-वर करितात. आमची डोलणारी मान पाहून मुले आपले बरोबर उत्तर खोडून टाकीत. का, ते कळावयास आम्हांस आठवडा लागला. उलट त्यांचा नकार आम्हांस कळेना. उद्याचा तास शेताच्या बांधावर घेऊ काय, असे आम्ही एका सहाध्यापकांस विचारले. त्यांनी दातांतून श्वास आत ओढला आणि म्हणाले, ‘ते जरा...’ पुढील शब्दांची आम्ही दोन दिवस वाट पाहिली. वाक्य तेथेच संपले होते. मुरबाडच्या बाजारात ‘बघू’ म्हणून गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही, हे ठाऊक असूनही आम्हांस हे उमगू नये, याची पुढे लाज वाटली.

आता एक नवल निराळ्या जातीचे. जपानी लिपी शिकावी म्हणून आम्ही बालवर्गाचे पुस्तक उघडले. चित्रलिपीतील अक्षरे हजारोंनी आहेत. परंतु मुले आरंभी जी उच्चाराची अक्षरे शिकतात त्यांचा क्रम पाहा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आम्ही पुस्तक मिटून पुन्हा उघडले. ही तर आपली बाराखडी! ‘हा’ हे अक्षर ‘पा’च्या जागी का, असे तुम्ही विचाराल. प्राचीन जपानीत त्याचा उच्चार ‘पा’ असाच होता, आणि ‘सा’चा उच्चारही ‘च’वर्गाच्या जवळचा असावा, असे विद्वान मानितात. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत. त्या अभ्यासातून हा क्रम तेथे रुजला. आपली सरस्वतीही तेथे बेन्झाइतेन या नावाने नांदते, आणि तिच्या हातीही वाद्यच आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांस आम्ही फळ्यावर ‘क च ट त प’ लिहून दाखविले, तेव्हा प्रथमच त्यांनी न विचारता बोलावयास आरंभ केला. तेथील वर्ग एरवी फार शांत असतो.

दुपारचे जेवण वर्गातच होते. पाळीची मुले पांढरी टोपी व झबले घालून अन्न आणतात, वाढतात, आणि शिक्षक त्याच ताटातले जेवतात. मुख्याध्यापक मुलांच्या आधी ते खाऊन पाहतात, ही रीत आम्हांस फार आवडली. १८८९ साली त्सुरुओका गावी एका बौद्ध मंदिरातील शाळेत गरीब मुलांसाठी ही प्रथा सुरू झाली. १९५४ साली तिचा कायदा झाला. त्यांच्या सारात सुक्या मासळीचा अर्क असतो. पहिल्या वाटीबरोबर मुरबाडचा आठवडेबाजार नाकाशी आला व घरची आठवण होऊन घास अडला.

जेवणानंतर ध्वनिक्षेपकावर गाणे लागले. मुलांनी बाके मागे सरकविली, डोक्यास रुमाल बांधले, आणि केरसुण्या व ओली फडकी घेऊन सारी शाळा कामास लागली. फडक्यावर दोन्ही हात टेकून, कंबर वर करून, मुले लांब पडवी एका धावेत पुसून काढितात. आम्ही हात बांधून उभे होतो आणि मनात शिपायास शोधीत होतो. इतक्यात पहिल्या इयत्तेतील एका मुलीने वाकून नमस्कार करून एक फडके आमच्यापुढे धरिले. ते घेतले खरे. पण पिळावे कसे, हे आम्हांस नीट ठाऊक नव्हते. आमच्या घरी हे काम आईने व बहिणींनी केले. गुडघे चार दिवस दुखत होते. त्या आठवड्यात शौचकूप घासण्याची पाळी गावच्या डॉक्टरांच्या मुलाची होती. ही गोष्ट सांगण्याजोगी आहे, असे तेथे कोणासच वाटले नाही. खरे नवल आम्हांस वाटले ते याचे.

परंतु जपान म्हणजे स्वर्ग, असे समजू नका. चामड्याचे वा मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्या कुळांस दूर ठेवण्याची रूढी तेथेही होती. १८७१ साली सरकारी आज्ञेने ती उठविली. मनांतून ती जावयास पुष्कळ अधिक काळ लागला.

आसनगाव स्थानकावर उतरलो तेव्हा माहुलीचा डोंगर हिरवागार होता, आणि आम्ही उत्साहाने भरलेलो होतो. शाळेत सफाईची पाळी सुरू करण्याचा विचार पालकसभेत मांडला. एक गृहस्थ म्हणाले, ‘सर, आम्ही मुलाला शिकायला पाठवितो, केर काढायला नाही.’ यास उत्तर आमच्यापाशी तयार होते. आम्ही डॉक्टरांच्या मुलाची गोष्ट सांगितली. मग मागे बसलेले, मुरबाडकडील एका पाड्यावरचे वृद्ध आजोबा उठले. ‘गुरुजी, आमच्या वेळी शाळा पोरंच झाडायची. पण कोण? ठरलेली चार पोरं. मी त्यांतला. बाकीची तोवर बाहेर खेळायची.’ इतके बोलून ते खाली बसले. याचे उत्तर आम्ही जपानातून आणलेले नव्हते.

शेवटी यादी केली ती वर्णानुक्रमे, आणि तीत पहिली नावे शिक्षकांची. मुलगे व मुली यांस कामे सारखीच. फरशी ओल्या फडक्याने पुसणे फाल्गुनापर्यंतच चालते. तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांतून मुंबईस पाणी जाते. पण त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा फरशीसाठी बादली मागण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

भाद्रपदातील पहिल्या शनिवारी काम सुरू झाले. आजोबा आले, पडवीच्या खांबाशी उभे राहिले आणि भिंतीवरील यादी नातवाकडून वाचून घेतली. नातवाचे नाव तेविसावे होते. दुसऱ्या व तिसऱ्या शनिवारीही ते आले; कोणाच्या हाती काय आहे ते पाहून, काही न बोलता गेले. पुढे भातकापणी सुरू झाली आणि ते आले नाहीत.